धक्क्याला लागलेली पट्टी

मुंबईच्या बंदरांत एकादें जहाज धक्क्याला लागलें म्हणजे दोरखंड टाकून तें जखडलें जातें, शिडी लागते, आणि पाहणाराला असें वाटूं लागतें कीं जहाज आणि धक्का मिळून एकच वस्तु आहे. वस्तुतः तसें नसतें. उद्यां भरती पाहून तेंच जहाज दोरखंड सोडतें आणि खुल्या पाण्यांत नांगर टाकून उभें राहतें. धक्का जागच्या जागीं राहतो. जहाजाचें नांव, त्याचा मालक आणि त्याच्या पोटांतील माल हीं मात्र जहाजाबरोबर जातात. ज्या व्यापाऱ्यानें आपल्या मालाची चौकशी धक्क्याच्या क्रमांकावरून करण्याची संवय लावून घेतली असेल, त्याला त्या दिवशीं रिकामा धक्का पाहून परतावें लागतें. जहाजाच्या नांवावरून चौकशी करणाराची अशी फजीति होत नाहीं.

संगणकाच्या पडद्यावरहि असाच धक्का असतो, हें तो रोज वापरणारांच्याहि सहसा लक्षांत येत नाहीं. पत्र लिहिण्याची, हिशेब ठेवण्याची किंवा चित्र काढण्याची आज्ञावली उघडली म्हणजे खिडकीच्या माथ्यावर बारीक बारीक चित्रांची एक ओळ दिसते. कात्रीचें चित्र, छापयंत्राचें चित्र, अक्षर ठळक करण्याची खूण, आणि त्यांच्याच शेजारीं अक्षराचा आकार निवडण्यासाठीं खालीं उघडणारी आंकड्यांची यादी. या ओळीला टूलबार म्हणतात. तिला नुसतें पट्टी म्हटलें तरी चालेल. पट्टीवरील प्रत्येक उपयोगी वस्तूला, मग तें बटण असो वा यादी असो, कंट्रोल हें नांव आहे. पुष्कळ आज्ञावल्यांत ही पट्टी कडेला धरून माउसनें ओढतां येते. ती खिडकीच्या तळाशीं नेतां येते, डाव्या-उजव्या अंगाला उभी करतां येते, किंवा मध्येंच सोडून दिली तर स्वतःच्या लहानशा चौकटींत तरंगत राहते. कडेला चिकटलेल्या पट्टीला इंग्रजींत ‘डॉक्ड’ म्हणतात, म्हणजे गोदीला लागलेली, आणि सुटलेल्या पट्टीला ‘फ्लोटिंग’. नांव ठेवणारानें एकादें बंदर डोळ्यांपुढें ठेवलें असावें.

आतां प्रश्न असा कीं, आज्ञावलीच्या दुसऱ्या एकाद्या भागाला या पट्टीवरील एकाद्या कंट्रोलपर्यंत पोंचावयाचें असेल, तर त्यानें तो शोधावा कसा? ज्याला पडदा दिसतो त्याला हा प्रश्न पोरकट वाटेल. तो बोट दाखवून मोकळा होईल. आज्ञावलीला डोळे नसतात. तिला नातें आणि नांव यांवरूनच वाट काढावी लागते. आणि ही वाट चुकली तर त्याचें खरें मोल कोणाला द्यावें लागतें, हें पुढें दिसेल.

पडद्यावर खिडक्या आणि चित्रें मांडण्याची कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७३ सालीं आल्टो नांवाचा संगणक तयार झाला, त्यावर ती प्रथम नांदूं लागली. १९८४ सालीं मॅकिंटॉश आणि १९८५ सालीं विंडोज यांनीं ती बाजारांत आणली. पट्ट्यांचा सुळसुळाट त्यानंतरचा. १९९४ सालीं मायक्रोसॉफ्टच्या फाउंडेशन क्लास या संग्रहाची तिसरी आवृत्ति निघाली. तिच्यांत धक्क्याला लागणाऱ्या पट्ट्या तयार मिळूं लागल्या आणि मग साधा आज्ञावलीकारहि त्या वापरूं लागला. या संग्रहाला त्याच्या आद्याक्षरांवरून एम्एफ्सी म्हणतात. तो आजहि वापरांत आहे, आणि पट्टीच्या प्रश्नाचें मर्म त्यांत स्वच्छ दिसतें, म्हणून तोच उदाहरणाला घेणें सोयीचें.

विंडोजमध्यें जवळजवळ प्रत्येक वस्तु ही एक खिडकीच असते, आणि त्या खिडक्यांचें एक कुटुंब असतें. सर्वांत बाहेरची चौकट, म्हणजे फ्रेम, ही घरांतील कर्ती. वरवर पाहतां वाटतें कीं पट्टी ही फ्रेमची मुलगी आणि पट्टीवरची यादी ही नात. पण फ्रेमच्या चार कडांना चार अदृश्य धक्के बांधलेले असतात आणि पट्टी लागते ती धक्क्याला. म्हणजे धक्का हें फ्रेमचें मूल, पट्टी ही नात आणि यादी ही पणती! नवशिक्या आज्ञावलीकाराला हा धक्का दिसत नाहीं, आणि त्याच्या अडचणींचा आरंभ तेथेंच होतो.

तो काय करतो? ‘गेट डीएलजी आयटेम’ या नांवाची एक क्रिया आहे. तिला क्रमांक दिला म्हणजे ती त्या क्रमांकाचें मूल आणून देते. संवाद-खिडक्यांत ती रोज वापरून त्याचा हात बसलेला असतो. म्हणून तो फ्रेमला विचारतो, अमुक क्रमांकाची यादी दे. परंतु ही क्रिया केवळ पोटच्या मुलांची नांवें जाणते. नातवंडें, पतवंडें तिच्या गांवीं नाहींत. ती शून्य हातीं देते. उत्तर तपासून न पाहतां आज्ञावलीकार त्या शून्यालाच ‘अठरा हा आंकडा निवड’ म्हणून हुकूम सोडतो आणि सारी आज्ञावली जागच्या जागीं कोसळते.

ही चूक मोठी असली तरी प्रामाणिक आहे. पहिल्याच दिवशीं ती उघडी पडते. तिच्यावर जो उपाय पुष्कळदां केला जातो तो अधिक घातक. ‘गेट डिसेंडंट विंडो’ या नांवाची दुसरी एक क्रिया आहे. ती फ्रेमची सारी वंशावळ धुंडाळते. तिला पणती सांपडते. आज्ञावलीकाराच्या मेजावर सारें सुरळीत चालतें. कारण त्याच्या मेजावरची पट्टी जन्मापासून माथ्यावरच लागलेली असते. ती हलवून पाहावी असें त्याला कधीं वाटत नाहीं. पुढें ही आज्ञावली एकाद्या कचेरींत जाते. तेथें कोणाला तरी पट्टी मजकुराच्या जवळ हवी असते. तो ती ओढून मध्यें आणून सोडतो. त्या क्षणीं पट्टीचें बिऱ्हाड बदलतें. ती आतां एका वेगळ्या लहान चौकटींत राहते, आणि ही चौकट फ्रेमचें मूल नव्हे. ती शेजारीं मांडलेलें निराळें बिऱ्हाड आहे. वंशावळ धुंडाळणारी क्रिया सारें घर पालथें घालते आणि हात हालवीत परत येते. तीच आज्ञावली, तीच कळ. सकाळीं चालली आणि दुपारीं चालत नाहीं. तक्रार करणारा शपथेवर सांगतो कीं आपण कांहीं केलें नाहीं. पट्टी सरकविणें हें ‘कांहीं करणें’ आहे असें त्याच्या मनांतहि येत नाहीं, आणि त्याचें तें बरोबरच आहे.

अशा वेळीं कांहीं आज्ञावलीकार पट्टीला हलण्याचीच बंदी करतात. वारा येतो म्हणून खिडकीला खिळे ठोकण्याचाच हा प्रकार. मात्र एक अपवाद मान्य केला पाहिजे. रुंद यादी असलेली पट्टी डाव्या किंवा उजव्या कडेला उभी केली तर यादी तेथें मावत नाहीं. तिचें तोंड तरी झांकतें किंवा पट्टी तरी फुगते. अशा पट्टीला फक्त वरचा आणि खालचा धक्का खुला ठेवावा, हें शहाणपणाचें आहे.

ज्यांनीं हा संग्रह रचला त्यांना हें संकट आधींच दिसलें होतें. त्यांनीं जनक आणि मालक असा भेद केला. पट्टीचा जनक म्हणजे ती ज्या धक्क्याला लागली असेल तो, तो बदलतो. मालक म्हणजे मूळ फ्रेम. तो बदलत नाहीं. जहाजाचा धक्का बदलला म्हणून त्याच्या नोंदणीचें बंदर बदलत नाहीं, तसेंच हें. यादींतून कोणी आंकडा निवडला कीं यादी आपल्या जनकाला, म्हणजे पट्टीला, वर्दी देते. पट्टी स्वतः कांहीं ठरवीत नाहीं, ती वर्दी मालकाकडे पोंचती करते. म्हणून पट्टी माथ्यावर असो कीं तरंगत असो, वर्दी योग्य घरींच जाते. उलट दिशेसाठीं फ्रेम आपल्या मालकीच्या पट्ट्यांची एक यादी बाळगते, आणि ‘गेट कंट्रोल बार’ ही क्रिया त्या यादींतून क्रमांकावरून पट्टी काढून देते. मग ती लागलेली असो वा सुटलेली. पट्टी हातीं आली म्हणजे यादी तिचें पोटचेंच मूल. तिच्यासाठीं ‘गेट डीएलजी आयटेम’ पुरते. दोनच प्रश्न विचारावयाचे, आणि दोन्ही नांवाचे. ‘कोठें आहे’ हा प्रश्न त्यांत येतच नाहीं.

येथें आणखी एक चमत्कार सांगण्यासारखा आहे. पट्टीवरचीं जीं साधीं बटणें दिसतात, त्यांना खिडकीपण मुळींच नसतें. १९९५ सालच्या विंडोजबरोबर जी तयार पट्टी मिळूं लागली, ती आपलीं सारीं बटणें स्वतःच रंगविते. तीं तिच्या अंगावरचीं गोंदणें आहेत, मुलें नव्हेत. कात्रीचें बटण मुलांत शोधणाराला तें कधींच सांपडावयाचें नाहीं. पट्टीलाच सांगावें लागतें कीं, अमुक आज्ञेचें बटण मंद कर, तमुक आज्ञेचें दाबलेलें दाखव. यादी मात्र खरीखुरी भाडेकरू. पट्टीवर एक रिकामी जागा रुंद करून राखून ठेवतात आणि तिच्यांत यादीला आणून बसवितात. शेजारीं शेजारीं बसलेल्या या दोन वस्तूंत कुळाचें इतकें अंतर आहे, हें पडद्याकडे पाहून कोणालाहि कळणार नाहीं.

वाट सांपडली म्हणून ती हरघडी तुडवावी असें मात्र नाहीं. चांगल्या रचनेंत मजकूर सांभाळणारा भाग पट्टीकडे जातच नाहीं. विंडोज ९५ बरोबर आलेलें वर्डपॅड याचा उत्तम नमुना होता. तें याच संग्रहावर उभारलेलें होतें आणि त्याचा मूळ मसुदा आज्ञावलीकारांना नमुना म्हणून मिळत असे. त्याच्या पट्टीवर अक्षराच्या वळणाची आणि आकाराची अशा दोन याद्या होत्या. मजकुरांत कर्सर चौदा आकाराच्या ओळीवरून अठराच्या मथळ्यावर नेला कीं यादींत अठरा दिसूं लागे. हा आंकडा यादींत भरण्यासाठीं मजकुरानें पट्टीला शोधलें नव्हतें. यंत्राला मोकळा क्षण मिळाला कीं पट्टीच आपल्या मालकाकडे चौकशी करी, सध्यां अक्षराचा आकार काय, आणि उत्तर मिळेल तें स्वतःच्या तोंडावर लिहून घेई. २००९ सालच्या विंडोज ७ मध्यें वर्डपॅडच्या या पट्ट्या गेल्या आणि २०२४ सालच्या विंडोजमधून वर्डपॅडहि गेलें. परंतु त्या जुन्या मसुद्यांतली ही विनयशील पट्टी अभ्यासण्यासारखी आहे. मूळ वस्तु आणि तिचें दर्शन यांत भेद ठेवावा, हा विचार ट्रिग्वे रीन्स्काउग या नॉर्वेजियन गृहस्थानें झेरॉक्सच्या त्याच संशोधनशाळेंत १९७९ सालीं मांडला होता, तोच येथें निराळ्या वेषांत भेटतो.

पुढें २००८ सालीं या संग्रहाला जोड मिळाली आणि वापरणारा माणूस एकच यादी दोन-दोन पट्ट्यांवर ठेवूं लागला. मग ‘ती यादी कोठें आहे’ या प्रश्नाला एकवचनच उरलें नाहीं. तेथें आज्ञेच्या क्रमांकावरून सगळ्याच प्रतींना एकदम हुकूम द्यावा लागतो. क्यूट नांवाच्या संग्रहांतहि मूळ वस्तु बटण नसून ‘क्रिया’ ही आहे. तीच मेनूंत दिसते, तीच पट्टीवर दिसते.

हें सारें कारागिरांच्या घरचें भांडण वाटेल. तें तसें नाहीं. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तेव्हां तो माउस वापरीत नाहीं. कळफलक आणि पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली यांवर त्याचें काम चालतें. अशी एक आज्ञावली, एन्व्हीडीए, मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं सुरू केली. ती विनामूल्य मिळते, आणि तिच्याबरोबर येणारें ई-स्पीक एन्जी हें बोलणारें यंत्र मराठीहि बोलतें. महाराष्ट्रांतील एकाद्या कचेरींत असा कारकून टेबलाशीं बसून पत्रें तयार करीत असेल, तर मजकूर लिहितांना त्याला कांहीं अडत नाहीं. पण आकाराची यादी पट्टीवर आहे, आणि पट्टीवरच्या वस्तूंपर्यंत टॅबच्या कळेनें सहसा जातां येत नाहीं. म्हणून चांगली आज्ञावली त्याला एक कळ देते. ती दाबली कीं कर्सर सरळ यादींत जाऊन बसतो.

ही कळ काय करते? तिला यादी शोधून काढावी लागते. माउस वापरणाराच्या बाबतींत शोधण्याचें काम त्याचे डोळेच करतात; त्यानें यादीवर बोट ठेवलें कीं वर्दी आपोआप वर जाते. वरून खालीं शोधीत येण्याची वेळ येते ती कळेवर, म्हणजे ज्याला डोळे नाहींत त्याच्यावर. आतां समजा, आज्ञावलीकारानें ती वंशावळ धुंडाळणारी वाट धरली आहे, आणि आज्ञावली कोसळूं नये म्हणून, उत्तर शून्य आलें तर गुपचूप परत फिरावें, असा बंदोबस्तहि केला आहे. हा बंदोबस्त पाहून त्याचे वरिष्ठ त्याची पाठ थोपटतील. इकडे कचेरींत तोच संगणक सायंकाळीं दुसरा कोणी वापरतो, पट्टी ओढून मजकुराजवळ ठेवतो आणि घरीं जातो. पट्ट्यांची ठेवण आज्ञावली लक्षांत ठेवते. ती सोयच आहे. सकाळीं दृष्टिहीन कारकून येतो, संवयीची कळ दाबतो आणि कांहींच होत नाहीं. आवाज नाहीं, चुकीची सूचना नाहीं. पुन्हां दाबतो. डोळस शेजारी म्हणतो, ‘अहो, यादी तर समोर दिसते आहे’, आणि माउसनें आकार बदलून दाखवितो. तक्रार वरपर्यंत जाते तेव्हां तिच्यांत आज्ञावलीचा दोष लिहिलेला नसतो. ‘यांना हें काम जमत नाहीं’ एवढेंच असतें. कोसळणारी आज्ञावली निदान सर्वांच्या डोळ्यांदेखत कोसळते. गुपचूप परत फिरणारी एकट्यालाच वगळते, आणि वगळल्याची खूणहि ठेवीत नाहीं.

कळ चालली तरी एक उणीव उरते. संवाद-खिडकींतील यादीच्या अलीकडे ‘अक्षराचा आकार’ अशी पाटी लिहिलेली असते आणि विंडोज ती पाटी यादीचें नांव म्हणून वाचणाऱ्या आज्ञावलीला पुरविते. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें सुरू केलेल्या ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी या व्यवस्थेंत हें नांव, त्या वस्तूचा प्रकार आणि तिची सध्यांची स्थिति हीं विचारून घेण्याची सोय आहे. पट्टीवर जागेची टंचाई. तेथें पाटी कोण लावणार? डोळसाला ‘१४’ हा आंकडा पाहून सारें उमगतें. ऐकणाराला मात्र ‘कॉम्बो बॉक्स, चौदा’ एवढेंच ऐकूं येतें. चौदा काय? पान चौदावें, ओळ चौदावी, कीं आकार चौदा? शेजारीं आणखी एक यादी असली तर गोंधळ दुप्पट. आज्ञावलीकारानें यादीला नांव द्यावयाचें ठरविलें तर थोडक्या ओळींचें काम आहे. पण पडद्यावर तें नांव कोठेंच दिसत नाहीं, म्हणून तें राहून जातें. याच कारणास्तव पट्टीवरील प्रत्येक काम मेनूंतहि असावें, असा जुना संकेत आहे. पडद्याची जागा वाचविण्याच्या भरांत तो अलीकडे बराच शिथिल झाला आहे, ही चांगली गोष्ट नव्हे.

आज्ञावली तयार झाल्यावर ती तपासण्याची एक साधी रीत आहे आणि तिला कोणतेंहि खास यंत्र लागत नाहीं. पट्टी ओढून खिडकीच्या बाहेर, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला सोडावी. आज्ञावली बंद करून पुन्हां उघडावी. एन्व्हीडीए चालू करावी, माउस बाजूला ठेवावा, पडदा विझवावा आणि कळ दाबावी. काम नीट झालें असेल तर अंधारांतून आवाज येतो : ‘अक्षराचा आकार, कॉम्बो बॉक्स, चौदा’.